हरकतीचं मिनिट

त्या रविवारी मी उभं राहायचं ठरवूनच घरातून निघाले होते. कुणाला बोलले नव्हते, नवऱ्यालाही नाही.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उभं राहणं ही साधी गोष्ट नव्हे. गाण्याला सगळेच उभे राहतात, ते सोडा. पण एखाद्याला सभासद करून घ्यायचं असेल, किंवा यादीतून नाव कमी केलेल्याला परत घ्यायचं असेल, तेव्हा मंडळीचा कारभार बघणारे गुरुजी पुढे येतात, कागदावरचा प्रश्न वाचतात आणि म्हणतात, "ज्यांची हरकत असेल त्यांनी उभं राहावं." मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट थांबतात. त्या मिनिटात कुणी हलत नाही. खाली पडलेला रुमालसुद्धा कुणी उचलत नाही, उगाच गैरसमज नको. एक जरी माणूस उभा राहिला तरी त्याचं म्हणणं ऐकून घेतात आणि निर्णय तीन महिने पुढे ढकलतात. लग्न होऊन या मंडळीत आले तेव्हा मला या प्रकाराचं हसू यायचं. त्या रविवारी येत नव्हतं, कारण प्रश्न माझ्या दिराचा होता.

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. गिऱ्हाईक पुढे, मी मागे, मध्ये पडदा. काच फ्रेमच्या मापात बसेपर्यंत चाकावर धरायची, मोजायची, पुन्हा धरायची. अर्ध्या मिलिमीटरलाही माफी नाही. मंडळीतल्या निम्म्या नाकांवर माझं काम बसलेलं आहे, उपासना चालवणाऱ्या पाळकांच्याही. त्यामुळे मला नीट बघायची सवय आहे, आणि दुसऱ्याने नीट बघितलं नाही की थोडं चिडायचीही. नवरा म्हणतो, थोडं नाही.

नवरा आणि दीर दोघेही लिफ्ट दुरुस्त करणारे, एकाच कंपनीत, बरीच वर्षं जोडीने. त्यांच्या कामाचा एक नियम आहे. दर महिन्याला प्रत्येक इमारतीत जायचं, रखवालदाराकडून गच्चीची किल्ली घ्यायची, वर मशीनच्या खोलीत जाऊन ब्रेक बघायचा, दोर बघायचे, आणि खाली येऊन लिफ्टशेजारी टांगलेल्या कार्डावर सही करायची. लोक त्या कार्डाकडे ढुंकून बघत नाहीत. पण लिफ्टमध्ये पाय ठेवणारा प्रत्येक माणूस त्या सहीच्या भरवशावरच पाय ठेवत असतो.

गेल्या वर्षी एका महिन्यात नवरा तापाने पडला होता. एका सात मजली इमारतीची तपासणी दिराने एकट्याने करायची होती. तो गेला, कार्डावर सही केली, आणि वर गेलाच नाही. सोळा दिवसांनी त्याच लिफ्टचं दार नीट लागत नाही म्हणून तक्रार आली. माझा नवरा बरा होऊन नुकताच कामावर गेला होता, तोच तिथे गेला. खाली येताना ब्रेकने दगा दिला. लिफ्ट तळमजल्यावर थांबलीच नाही, सरळ खालच्या खड्ड्यात जाऊन आदळली. आत दुसरं कुणी नव्हतं, एवढंच नशीब. नवऱ्याच्या उजव्या गुडघ्याचे तीन तुकडे झाले.

इथपर्यंत मी समजू शकले असते. चूक कुणाच्याही हातून होते, असं म्हणून रडून मोकळी झाले असते. पण कंपनीने विचारलं तेव्हा दिराने हात वर केले. "तपासणी दादानेच केली होती. आजारी असूनही आला होता. मी फक्त त्याच्या सांगण्यावरून सही केली." सगळं खापर त्याने सख्ख्या भावावर फोडलं. नवऱ्याच्या पायात सळ्या घालत होते त्याच आठवड्यात त्याला कामावरून बाजूला केल्याचं पत्र आलं. आणि कडेलोट म्हणजे, बुधवारच्या प्रार्थनासभेत हा गृहस्थ उभा राहून म्हणाला, "माझ्या भावाच्या हातून कामात चूक झाली आहे, त्याच्यासाठी सर्वांनी प्रार्थना करा." आणि सगळ्यांनी केली! मीही सवयीने डोळे मिटून आमेन म्हटलं. ते आमेन आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पुढे रखवालदाराची वही निघाली. कोण येतो आणि गच्चीची किल्ली कोण कधी नेतो ते तो त्यात लिहून ठेवायचा. कंपनीने तेवढ्या महिन्याचं पान बघितलं, तर किल्ली कुणी नेलीच नव्हती. आलेल्या माणसांत नाव होतं ते एकट्या दिराचं. खोटं उघडं पडलं. नवऱ्याला कंपनीने परत घेतलं. पण अधू पायाने गच्च्या चढणं जमणार नव्हतं, म्हणून नव्या मेकॅनिकांना शिकवायचं काम दिलं. दिराला गोदामात बसवलं.

मग मंडळी मध्ये पडली. आमचे पाळक मोठे वक्ते नाहीत. शास्त्रातला एक भाग घेतात आणि ओळीमागून ओळ समजावून सांगतात, चाळीस मिनिटं, विनोद नाही, हातवारे नाहीत. पण जे रविवारी वाचून दाखवतात ते सोमवारी करायला जातात, ही त्यांची खोड आहे. शास्त्रात सांगितलंय की भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याच्याशी बोला. ते एकटे गेले. दिराने चहा दिला आणि विषय बदलला. मग दोन-तीन जण जा असं आहे, म्हणून गुरुजींना घेऊन गेले. गुरुजी शाळेत भूमिती शिकवतात आणि मंडळीतले वडीलधारे म्हणून कारभारही बघतात. या वेळी दिराने चहाही दिला नाही. "ही आमच्या घरातली गोष्ट आहे," म्हणाला, "तुम्हाला काय ठाऊक आमच्या घरात काय आहे ते?" शेवटी सगळ्या मंडळीसमोर बोलावलं. तो आला, ऐकलं आणि दार आपटून गेला. त्याचं नाव यादीतून काढलं. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा नाही, मागे बसून ऐकायला कधीही यावं, असं ठरलं. तो काही आला नाही.

मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू? वाटलं, चला, कुणीतरी स्पष्ट बोललं.

पण त्याचं नाव काढल्यावर दुसऱ्याच आठवड्यापासून पाळक आणि गुरुजी दर गुरुवारी संध्याकाळी त्याच्या घरी जायला लागले. पहिले चार गुरुवार त्याने दार उघडलं नाही. हे दोघे जिन्याच्या पायरीवर बसून राहायचे. गुरुजी मुलांचे पेपर तपासायचे, पाळक रविवारचा पाठ वाचायचे, तासाभराने उठून घरी जायचे. माझी जाऊ आतून सगळं ऐकत बसायची. तिनेच पुढे कुणाला तरी सांगितलं. मला नाही सांगितलं, कारण मी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. तिचा काही दोष नव्हता. पण रागाला एवढा हिशेब कुठे कळतो.

मी पाळकांना गाठलं. त्यांच्या चष्म्याची दांडी सैल झाली होती म्हणून ते दुकानात आले होते. मी पडद्याबाहेर येऊन म्हटलं, "पाळकसाहेब, ज्याला बाहेर काढलं त्याच्या पायऱ्या झिजवता? मग काढलं कशाला?"

"परत यावा म्हणून," ते म्हणाले.

"आणि ज्याचा गुडघा फुटला, त्याच्याकडे कोण येणार?"

"तुमच्याकडे मंगळवारी येतो की."

येत होते, हे खरं. दर मंगळवारी. मी त्यांच्या चष्म्याचा स्क्रू आवळला, जरा जास्तच.

पाचव्या गुरुवारी दार उघडलं म्हणतात. सहाव्याला काय झालं, दहाव्याला काय झालं, मला माहीत नाही. पाळकांच्या पोटातून गोष्ट बाहेर पडत नाही. एवढं माहीत आहे की अपघातानंतर अकराव्या महिन्यात दीर स्वतःहून कंपनीच्या मोठ्या साहेबांकडे गेला आणि सगळं लिहून दिलं. सही न बघता केली, आणि नंतर चूक भावावर ढकलली, दोन्ही. वही निघाली होतीच, पण तोवर तो 'माझी समजण्यात चूक झाली' असंच म्हणत आला होता. त्याच संध्याकाळी तो आमच्याकडे आला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. "वहिनी, मी खोटं बोललो. दादावर ढकललं, आणि वर तुमच्याकडून प्रार्थना करून घेतली. क्षमा मागायला आलोय."

मी म्हटलं, "मागा."

"मागतोय, वहिनी."

नवरा काठी टेकत बाहेर आला. भावाकडे न बघता "ठीक आहे, ठीक आहे" एवढंच म्हणाला आणि आत गेला. त्याचं हे वागणं मला विचित्र वाटलं. तसं सगळंच अकरा महिने विचित्र होतं. एवढं होऊन त्याने भावाला एकदाही शिवी दिली नव्हती. मी बोलायला लागले की तो उठून जायचा. मंडळीत बायका म्हणायच्या, "दादांसारखा सहनशील माणूस बघितला नाही." मलाही तसंच वाटायचं, थोडा अभिमानही वाटायचा. तो मात्र असं कुणी म्हटलं की खेकसायचा. एकदा एका नव्या मेकॅनिकने घरी येऊन सांगितलं, "सर वर्गात शिकवतात, डोळ्यांनी बघितल्याशिवाय पेन उघडायचं नाही." मी कौतुकाने नवऱ्याकडे बघितलं, तर तो भिंतीकडे बघत होता. चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं काढून मला ते दिसलं नाही, काय म्हणायचं.

तर, तो रविवार.

आमची उपासना एका छापखान्याच्या वरच्या हॉलमध्ये भरते. लांबलचक बाकं, एका बाकावर आठ माणसं बसतील अशी. पंखे तीन, त्यातला मधला खडखडतो. मी डावीकडच्या दुसऱ्या बाकावर एका टोकाकडे बसले, नवरा माझ्या शेजारी, पाय बाहेर लांब करता यावा म्हणून कडेला. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला माझी जाऊ येऊन बसली. नवऱ्याचं नाव काढल्यापासून ती दर रविवारी एकटी येत होती. बसायची ती कुठेतरी मागे. आज तिच्या नवऱ्याचा प्रश्न होता, पुढे बसणं भाग होतं. बाकावर आमच्या मधे पाच माणसांची जागा मोकळी होती, आणि कुणी तिथे बसायला धजत नव्हतं.

पाळकांचा संदेश संपला. मी एक शब्दही ऐकला नाही. मी मनातल्या मनात वाक्य पाठ करत होते. 'माझी हरकत आहे. अकरा महिने आम्ही भोगलं, त्याला आणखी तीन महिने थांबायला काय झालं?' बरोबर होतं की नाही माहीत नाही, पण पाठ झालं होतं.

दिराला पुढे बोलावलं. तो वाळला होता. सगळ्यांसमोर त्याने काय केलं ते सांगितलं, कशालाही मुलामा न देता. बुधवारच्या प्रार्थनेचंही सांगितलं. मग गुरुजींनी खिशातून कागद काढला आणि वर्गात प्रमेय वाचावं तसं वाचलं. "या भावाने आपला अपराध कबूल करून पश्चात्ताप केला आहे. मंडळी त्याला क्षमा करून सहभागितेत परत घेते. ज्यांची हरकत असेल त्यांनी उभं राहावं." आणि मनगट वर केलं.

ठरवलेलं असलं तरी उभं राहायला पाय लागतात, आणि ते जागचे हलेनात. दहा सेकंद गेले असतील. जाऊ खाली मान घालून बसली होती, बोटं एकमेकांत गुंतवून. मी मनात म्हटलं, तीन मोजायचे आणि उठायचं. एक. दोन.

आणि शेजारी काठी खरडल्याचा आवाज झाला. माझा नवरा उभा राहिला होता.

हॉलमध्ये फक्त मधला पंखा खडखडत होता. दिराचा चेहरा पांढरा पडला. मी आ वासून बघत राहिले. पहिला विचार काय आला सांगू? बरं झालं, माझं काम ह्यांनीच केलं.

"दादा," पाळक म्हणाले, "तुमची हरकत आहे?"

"आहे. त्याला परत घ्यायला नाही. तो तिथे एकटा उभा आहे, त्याला आहे."

कुणालाच काही कळलं नाही. नवऱ्याने काठीवर दोन्ही हात ठेवले. "न बघता सही करायची, हे त्याला मी शिकवलं. तो कामाला लागला त्याच वर्षी. एका दुपारी चार इमारती उरकायच्या असल्या की मी म्हणायचो, अरे, वर काय बघायचंय, गेल्या महिन्यात ठीक होतं, आताही ठीकच असणार. खाली बसूनच कार्डं भरायचो. एकदा-दोनदा नाही, वर्षानुवर्षं. त्या महिन्यात मला ताप होता म्हणून सही त्याची झाली. मी गेलो असतो तर माझी असती. तीही न बघताच." त्याने भावाकडे बोट केलं. "खोटं तो बोलला, ते त्याचं. पण गप्प मी बसलो. तुम्ही मला जेवण आणून दिलंत, सहनशील म्हणालात, मी ऐकून घेतलं. वर पोरांना शिकवतो, बघितल्याशिवाय पेन उघडू नका म्हणून. मला हे आता सहन होत नाही."

एका बाजूने वाटत होतं की ह्या माणसाला बखोटीला धरून खाली बसवावं आणि घरी नेऊन विचारावं. दुसऱ्या बाजूने अकरा महिन्यांचं सगळं एकेक करून समोर येत होतं, ते उठून जाणं, ते खेकसणं, ती भिंत. म्हणजे सहनशील वगैरे काही नव्हतं. माणूस आतून कुढत होता, आणि मी त्याच्या बाजूने भांडत बसले होते.

पाळकांनी दिराकडे बघितलं. "तुला हे माहीत होतं?"

"हो."

"मग आजवर बोलला का नाहीस?"

दीर म्हणाला, "रागात होतो तेव्हा जिभेवर आलं होतं. मग तुम्ही गुरुवारी यायला लागलात. तेव्हा वाटलं, माझं आहे तेवढं मी सांगावं. दादाचं दादा सांगेल."

ते ऐकलं आणि माझं पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. ज्याला मी खोटारडा म्हणत होते, त्याच्या हातात माझ्या नवऱ्याची सगळी अब्रू अकरा महिने होती. कंपनीला लिहून देताना एक ओळ जास्त लिहिली असती तरी पुरलं असतं. त्याने ती लिहिली नाही.

आता पेच पडला. हरकत आली म्हणजे तीन महिने थांबणं आलं. सगळ्यांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, घातला. ते नियमाला इतके पक्के की मंडळीच्या सहलीतसुद्धा रांगेत चालायला लावतात. मला वाटलं, संपलं. ते म्हणाले, "हरकत माणसावर असेल तर तीन महिने. हरकत प्रश्नाच्या मांडणीवर असेल, तर प्रश्न दुरुस्त करून लगेच विचारता येतो. दादांची हरकत मांडणीवर आहे. प्रमेयाचा पक्ष, म्हणजे दिलेली माहितीच, अपुरी होती." मग कागद तळहातावर ठेवून त्यांनी पेनने काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. वर न बघता म्हणाले, "दादा, पुढे या. तिथून उत्तर जुळत नाही."

नवरा लंगडत पुढे गेला. दिराने दोन पावलं येऊन त्याला दंडाला धरलं. दोघे शेजारी उभे राहिले. पाळकांनी नवऱ्याला एवढंच विचारलं, "कंपनीत सांगणार?" तो म्हणाला, "उद्याच."

कंपनीत काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. शिकवायचं काम दोन महिने काढून घेतलं, सगळ्या इमारतींची दुसऱ्यांकडून पुन्हा तपासणी करून घेतली, आणि मग काम परत दिलं. आता वर्गात पहिल्या दिवशी तो स्वतःची गोष्ट सांगतो. पोरं म्हणे पेन टाकून ऐकतात.

पण त्या क्षणी हे काहीच माहीत नव्हतं. गुरुजींनी दुरुस्त केलेला प्रश्न वाचला. या दोन भावांनी आपले अपराध कबूल केले आहेत, मंडळी दोघांना क्षमा करते, धाकट्याला परत घेते आणि थोरल्याला सावरून धरते. "ज्यांची हरकत असेल त्यांनी उभं राहावं." मनगट वर गेलं.

दुसरं मिनिट सुरू झालं. आणि आता सगळे बघत होते माझ्याकडे.

मी इतकी वर्षं या हॉलमध्ये बसतेय, पण असं कधी बसले नव्हते. कालपर्यंत मी ज्याचा गुडघा फुटला त्याची बायको होते. लोक उठून जागा द्यायचे. आता मी त्याची बायको होते, ज्याने वर्षानुवर्षं न बघता सह्या केल्या. त्या सात मजली इमारतीच्या लिफ्टमधून आमच्यातल्याच दोघी रोज कामाला जायच्या. त्या मागच्या बाकावर बसल्या होत्या. मला मान वळवायचा धीर होईना. हात कुठे ठेवावेत कळेना. चेहरा कसा करावा कळेना. उभं राहायचा विचार तर मेलाच होता, पण बसावं कसं हेही मी विसरून गेले. मिनिट इतकं लांब असतं हे मला माहीत नव्हतं.

तेव्हा बाक करकरलं.

मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. दुसऱ्या टोकाची माझी जाऊ हलली होती. उठायची सोय नव्हती, उठली तर हरकत धरली असती. म्हणून ती बसल्या बसल्या सरकत होती. एका माणसाची जागा सरकली, थांबली. पर्स ओढून घेतली. पुन्हा सरकली. बाक प्रत्येक वेळी करकरत होतं आणि सबंध हॉल ते ऐकत होता. तिसऱ्या वेळी तिचा पदर खिळ्यात अडकला. तिने तो सोडवला, गुरुजींकडे एकदा भीतभीत बघितलं आणि आणखी सरकली. गुरुजींनी घड्याळावरची नजर काढली नाही. पाच माणसांची जागा तिने तशीच पार केली, बसून, लाल झालेल्या तोंडाने, आणि माझ्या खांद्याला खांदा लागेपर्यंत आली.

मी तिच्याशी अकरा महिने बोलले नव्हते. ती जिन्यावरच्या माणसांचं बोलणं दाराआडून ऐकत असायची तेव्हा मी तिला साधा एक फोन केला नव्हता. दर रविवारी ती या नजरांमधून एकटी येऊन बसायची, गाणी म्हणायची, एकटी घरी जायची. तिच्या शेजारी तेव्हा कुणी सरकलं नव्हतं. मी तर नाहीच.

तिने माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि पुढे बघतच हळू आवाजात म्हणाली, "ताई, पहिले दोन-तीन रविवार जड जातात. पुढे बघायचं आणि गाणी मोठ्याने म्हणायची. मी बसते तुमच्याजवळ."

माझ्या घशातून आवाज आला तो हसण्याचा होता की रडण्याचा, मला आजही सांगता येणार नाही. मी तिचा हात इतका घट्ट धरला की तिची अंगठी मला रुतली.

"मिनिट झालं," गुरुजी म्हणाले. "हरकत नाही."

माझा जीव भांड्यात पडला. आणि मग गाण्यासाठी सगळी मंडळी एकदम उभी राहिली, आम्ही दोघी सोडून. आम्हाला उठताच येईना.